टायरची रुंदी व ओढशक्ती : सातारा व सांगली जिल्ह्यांतील वाहनांचा इतिहास

एंजिनाची शक्ती जितकी अधिक तितके त्या वाहनाचे टायर रुंद, अशी समजूत सर्वत्र आढळते. शर्यतीच्या मोटारगाडीची आणि ट्रॅक्टरची मागील चाके पाहिली म्हणजे ती खरीही वाटते. परंतु या दोन वाहनांत रुंदीची कारणे भिन्न आहेत आणि तेवढ्याच शक्तीच्या मालमोटारीत ती आणखी वेगळी आहेत. शक्ती व रुंदी यांचा संबंध सरळ नाही. त्यांच्यामध्ये वाहनाचे वजन, जमिनीची जात आणि वेग या तीन गोष्टी येतात. तो संबंध कसकसा घडत गेला हे पाहण्यास सातारा व सांगली हे जिल्हे सोयीचे आहेत. पश्चिमेस सह्याद्रीचे घाट व प्रचंड पाऊस, मध्यभागी कृष्णा-वारणाकाठची खोल काळी जमीन आणि पूर्वेस माण, खटाव, जत या भागांतील कोरडे माळ, अशी तिन्ही प्रकारची भूमी येथे शंभर-सव्वाशे किमी.च्या पट्ट्यात मिळते. १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले आणि दक्षिण साताऱ्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे १९४९ पूर्वीचा इतिहास मुख्यत्वे जुन्या सातारा जिल्ह्याचा व त्यालगतच्या सांगली, मिरज, औंध इ. संस्थानांचा आहे.

धावेचे चाक : जुनी बैलगाडी मुख्यतः बाभळीच्या लाकडाची असे. चाकाच्या मध्यभागी तुंबा, त्यात बसविलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे आणि पुठ्ठ्यांना आवळून धरणारी लोखंडी धाव, अशी चाकाची रचना होती. धाव चाकाच्या परिघापेक्षा किंचित लहान करीत. ती तापवून लाल केली की प्रसरण पावे व पुठ्ठ्यांवर चढे आणि पाणी ओतताच आकुंचन पावून सारे चाक घट्ट करी. सुतार व लोहार या दोघांचे हे संयुक्त काम असे. धावेची रुंदी साधारणतः दोन-अडीच इंच, म्हणजे ५-६ सेंमी. असे. धाव रुंद केली तर लोखंड अधिक लागे, चाक जड होई व बैलांना ते ओझे रिकाम्या गाडीलाही वाहावे लागे. म्हणून ती अरुंद ठेवण्याकडे कल होता.

या अरुंदपणाची किंमत रस्त्याला व बैलांना द्यावी लागे. एका चाकावर ५०० किग्रॅ. भार आहे आणि धाव सु. २० चौ. सेंमी. जागेवर टेकली आहे असे धरले, तर जमिनीवरील दाब सु. २५ किग्रॅ./चौ. सेंमी. होतो. कठीण खडीच्या रस्त्यावर हा दाब फारसा जाचत नाही. उलट मोठ्या व्यासाचे लोखंडी चाक तेथे हलकेच फिरते. भिजलेल्या काळ्या जमिनीत मात्र धाव सुरीसारखी रुतते. मागून येणारी गाडी त्याच खाचेत चालते आणि खाच अधिकच खोल होते. या खाचेला ‘चाकोरी’ म्हणतात. ठरावीक वळणाच्या जीवनाला मराठीने हाच शब्द दिला आहे, तो गाडीवानांच्या अनुभवातून आलेला असावा : चाकोरीत गाडी सहज जाते, पण चाकोरीतून ती बाहेर काढणे बैलांच्या जिवावर येते.

चाकाच्या रुंदीचे नियमन रस्ता वाचविण्यासाठी करावे, ही कल्पना एंजिनाच्या आधीची आहे. इंग्लंडच्या पार्लमेंटने १७५३ मध्ये कायदा करून पथकराच्या रस्त्यांवरील जड गाड्यांची चाके किमान ९ इंच रुंद असावीत असे ठरविले. रुंद चाक रुळासारखे फिरून रस्ता दाबून काढील, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात गाडीवाल्यांनी चाकांचे काठ उतरते केले, त्यामुळे नऊ इंचांपैकी थोडाच भाग रस्त्याला टेके. नावाची रुंदी व जमिनीला खरोखर लागणारी रुंदी यांतील हा फरक पुढे टायरच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरला. आपल्याकडे साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांनी (कार. १८१८–३९) साताऱ्याहून महाबळेश्वरकडे गाडीरस्ता करविला. घाटात रस्ता झाल्यावर बैलगाडी डोंगर चढू लागली, तरी पावसाळ्याचे चार महिने काळ्या रानातील पाणंदी बंदच राहत.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. बैलगाडीचे चाक केवळ भार वाहते. गाडी ओढण्यासाठी जमिनीची पकड घेतात ते बैलांचे खूर. म्हणून धावेची रुंदी ठरताना भार व जमीन यांचाच विचार पुरे होता, ओढशक्तीचा प्रश्न तेथे येत नसे. शर्यतीच्या छकड्यावरून हे चांगले स्पष्ट होते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ मधील निर्णयाने बंद पडलेल्या व डिसेंबर २०२१ मध्ये पुन्हा परवानगी मिळालेल्या बैलगाडा शर्यती या दोन जिल्ह्यांत अतिशय लोकप्रिय आहेत. त्यांतील छकडा जितका हलका करता येईल तितका करतात. शर्यतीच्या मोटारीचे चाक रुंद आणि शर्यतीच्या बैलगाडीचे चाक बारीक, हा विरोधाभास वरवरचा आहे : मोटारीत चाकालाच खुराचे काम करावे लागते.

ओढ, शक्ती आणि लोखंडी नांगर : खिल्लार बैलांची चांगली जोडी दिवसभर काम करताना सु. ८० ते १०० किग्रॅ. ओढ देते. चाल सेकंदाला ०.७ मी. धरल्यास ही शक्ती पाऊण ते एक अश्वशक्ती भरते (१ अश्वशक्ती म्हणजे सेकंदाला ७५ किग्रॅ.-मी. कार्य). ओढ आणि शक्ती या दोन वेगळ्या राशी आहेत, हे व्यवहारात प्रथम तीव्रतेने जाणवले ते लोखंडी नांगरामुळे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगावात १८८८ मध्ये सायकलींचा धंदा सुरू केला होता. पुढे ते नांगरांकडे वळले आणि १९१० मध्ये औंध संस्थानात, आजच्या सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, त्यांनी किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे त्यांचे पहिले नांगर बराच काळ विकले गेले नव्हते. ही अडचण मनाची होती. दुसरी खरीखुरी होती. २० सेंमी. खोल व २५ सेंमी. रुंद तास काढताना काळी जमीन दर चौ. सेंमी.स ०.७ किग्रॅ. विरोध करते असे मानले, तर एकूण ३५० किग्रॅ. ओढ लागते. एका जोडीचे हे काम नव्हे. खोल नांगरटीसाठी तीन-चार जोड्या जुंपण्याची पद्धत येथे पडली ती याच हिशेबाने. बैलांची संख्या वाढली की खुरांची संख्याही आपोआप वाढते. वाढीव शक्तीबरोबर जमिनीवरील वाढीव पकडही मिळते. एंजिनात मात्र ही सोय नाही. शक्ती चौपट केली तरी चाके तेवढीच राहतात.

या भागात एंजिन आले ते प्रथम चाकावर बसून नव्हे. सातारा रोड येथे धनजीशा कूपर यांनी १९२२ मध्ये काढलेल्या कारखान्यात आरंभी नांगर व शेतीची अवजारे होत. १९३० नंतरच्या दशकात तेथे डीझेल एंजिने तयार होऊ लागली. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते.) किर्लोस्कर उद्योगसमूहाने १९४६ मध्ये पुण्यास तेल एंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. ही पाच-दहा अश्वशक्तीची एंजिने विहिरीच्या किंवा नदीच्या काठी एका जागी बसून पाणी उपसत. त्यांना टायर नव्हता, पकडीचा प्रश्न नव्हता. तरीही या प्रदेशातील चाकांच्या इतिहासावर त्यांच्याइतका परिणाम दुसऱ्या कशाचाच झाला नाही. मोट मागे पडली, बागायत वाढली, ऊस आला आणि सांगली, रेठरे बुद्रुक, साखराळे, भुईंज इ. ठिकाणी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. ज्वारीचे किंवा शेंगांचे ओझे आणि उसाचे ओझे यांत मोठे अंतर आहे. ऊस एकरी तीस-चाळीस टन निघतो व तोडल्यावर लवकरात लवकर गाळपास जावा लागतो. शेतातून कारखान्यापर्यंतचे हे ओझे लोखंडी धावेच्या गाडीस झेपण्यासारखे नव्हते.

रबरी टायर : चार्ल्‌स गुडइयर यांनी १८३९ मध्ये गंधकाच्या साहाय्याने रबर टिकाऊ करण्याची रीत शोधून काढली. हवा भरलेल्या टायरचे एकस्व रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये घेतले होते, पण ते विस्मृतीत गेले. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्ट येथे मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी असा टायर पुन्हा बनविला. मीशलँ बंधूंनी १८९५ मध्ये पॅरिस-बॉर्दो शर्यतीत हवेच्या टायरांची मोटार चालवून दाखविली. भारतात पश्चिम बंगालमधील साहागंज येथे डनलॉप कंपनीचा कारखाना १९३६ मध्ये सुरू झाला.

हवेच्या टायरचा गुणधर्म सोपा आहे. त्याचा जमिनीवरील दाब साधारणतः आतील हवेच्या दाबाइतका असतो. हवेचा दाब २ किग्रॅ./चौ. सेंमी. आणि चाकावरील भार ३०० किग्रॅ. असेल, तर टायर सु. १५० चौ. सेंमी. जागेवर टेकतो. तो १५ सेंमी. रुंद असल्यास टेकलेल्या भागाची लांबी १० सेंमी. होते, २० सेंमी. रुंद असल्यास ७.५ सेंमी. होते. दाब तोच ठेवून टायर रुंद केला तर जमिनीला लागणारी जागा फारशी वाढत नाही, तिचा आकार बदलतो. रुंद टायरला तोच भार कमी दाबावर पेलता येतो, हा त्याचा खरा फायदा. दाब उतरविला तरच जागा वाढते.

बैलगाडीला मोटारीचे टायर बसविल्यावर जमिनीवरील दाब धावेच्या मानाने सहा-सात पटींनी खाली आला. ओंगण घालावयाच्या आखाऐवजी गोळ्यांचे बेअरिंग आले. पाणंदीतील चाकोरी उथळ झाली आणि एक टनाच्या जागी दोन-तीन टन ऊस त्याच जोडीकडून वाहून घेणे शक्य झाले. ही सुधारणा बैलांसाठी होती की ओझ्यासाठी, हा प्रश्न येथे उपस्थित होतो. बैलांची शक्ती तीच राहिली. चाकाच्या रुंदीने जो श्रम वाचविला तो लगोलग वाढीव भारात खर्ची पडला. सपाट डांबरी रस्त्यावर तीन टनांची टायरगाडी बैल चालत नेतात. उतारावर हेच सहज फिरणारे चाक गाडी पुढे लोटते आणि सारा रेटा बैलांच्या मानेवर येतो. धावेची गाडी उतारावर अशी मोकाट सुटत नसे. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाखाली १९६५ मध्ये जे नियम झाले, त्यांनी हवेचे टायर असलेल्या गाडीस अधिक भाराची मुभा दिली आहे. चाकाच्या दृष्टीने हा हिशेब बरोबर असला, तरी उताराचा व थांबविण्याचा विचार करता तो अपुरा वाटतो.

मालमोटारी व एस्. टी. : १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली आणि त्यानंतरच्या वर्षांत वाई, कराड, इस्लामपूर, विटा, तासगाव या गावांचे रस्ते मोटारींच्या उपयोगाचे होत गेले. नंतरच्या काळातील सर्वसाधारण बस किंवा मालमोटार सु. ११० अश्वशक्तीची होती. तिला ९.००–२० या मापाचे, म्हणजे ९ इंच (सु. २२९ मिमी.) रुंदीचे टायर असत व मागील आसावर ते जोडीने, एकूण चार बसवीत. आज तेवढ्याच शक्तीच्या खाजगी मोटारीला २०० मिमी.च्या आसपास रुंदीचा एकेरी टायर पुरतो. शक्ती समान असताना रबर दुपटीहून अधिक का, याचे उत्तर खंबाटकी घाटातील भरलेल्या मालमोटारीकडे पाहून मिळते.

१६ टनांची मालमोटार १ : २० अशा चढावर आहे असे मानू. चढासाठी ८०० किग्रॅ. व चाकांच्या फिरण्यातील विरोधासाठी सु. २०० किग्रॅ. मिळून १,००० किग्रॅ. ओढ लागेल. ११० अश्वशक्तीपैकी दंतचक्रांतील हानी वजा जाता सु. ९३ अश्वशक्ती चाकापर्यंत पोहोचते. तेवढ्यात ही मोटार सेकंदाला ७ मी., म्हणजे तासाला सु. २५ किमी. वेगाने चढेल. तिच्या मागील आसावर दहा टन भार असताना कोरड्या रस्त्यावर सात टन ओढीइतकी पकड उपलब्ध असते. पकडीच्या सातव्या हिश्श्यातच एंजिन दमते. अर्थात या टायरांच्या रुंदीचा एंजिनाशी संबंध नाही. ती केवळ दहा टन भार रस्ता न फोडता पेलण्यासाठी आहे. कायद्यानेही मर्यादा घातली आहे ती आसावरील भाराला : चार टायरांच्या एकेरी आसावर १०.२ टन चालत, ती मर्यादा २०१८ मध्ये ११.५ टन झाली.

साताऱ्यात वाहननिर्मिती झाली ती दुचाकींची. बजाज ऑटो व पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या सहभागाने १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र स्कूटर्स या कंपनीच्या साताऱ्यातील कारखान्यात ‘प्रिया’ स्कूटर होत असे. तिचा टायर साडेतीन इंची होता. सहा-सात अश्वशक्तीच्या वाहनात दोन माणसे व एखादे पोते पेलणे एवढेच टायरचे काम असल्याने यापेक्षा रुंदीची गरजच नव्हती.

वेगवान मोटारी : पकडीचा प्रश्न खऱ्या अर्थाने येतो तो हलक्या व शक्तिमान मोटारीत. १,२०० किग्रॅ. वजनाच्या मोटारीच्या चालक चाकांवर ७२० किग्रॅ. भार आहे आणि कोरड्या डांबरावर घर्षण गुणांक ०.८ आहे असे धरले, तर जास्तीत जास्त ओढ ५७६ किग्रॅ. मिळते, त्याहून अधिक जोर दिल्यास चाक जागीच घसरते. ७५ अश्वशक्तीचे एंजिन ही मर्यादा तासाला सु. ३५ किमी. वेगापर्यंतच गाठू शकते. त्यापुढे एंजिनच अपुरे पडते. हाच हिशेब ३०० अश्वशक्तीसाठी केल्यास मर्यादा सु. १४० किमी. वेगापर्यंत बाधते. सामान्य मोटारीला रुंद टायर लावून प्रवेग का वाढत नाही आणि शर्यतीच्या मोटारीचा का वाढतो, याचे स्पष्टीकरण एवढ्या आकड्यांतच आहे.

परंतु रुंद टायरमुळे घर्षण वाढावेच का? आमाँताँ यांनी १६९९ मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे घर्षण हे टेकलेल्या क्षेत्रावर अवलंबून नसते. लाकूड, लोखंड यांना हा नियम पुष्कळसा लागू पडतो, रबराला नाही. रबर मऊ असल्याने रस्त्याच्या बारीक खडबडीत शिरते व त्यास चिकटतेही, आणि त्यावरील दाब जितका कमी तितका त्याचा घर्षण गुणांक वाढतो. शिवाय रुंद टायरात झीज व उष्णता अधिक रबरावर विभागली जाते, त्यामुळे जास्त मऊ व जास्त पकडीचे रबर वापरता येते. वळणावर आखूड व रुंद संपर्क क्षेत्र कमी पिळवटते, हाही लाभ आहे. १९६० नंतरच्या दशकात शर्यतीच्या मोटारींचे टायर झपाट्याने रुंदावले. १९७१ मध्ये त्या वर्गात नक्षीविरहित गुळगुळीत टायर आले. फॉर्म्युला वनच्या नियमांनी १९९३ मध्ये टायर अरुंद करावयास लावून वेगास आळा घातला आणि २०१७ मध्ये मागील टायरची रुंदी पुन्हा ४०५ मिमी.पर्यंत वाढविली.

रस्त्यावरील मोटारीत याच्या उलट उदाहरणेही आहेत. मारुती ८०० ही सु. ३७ अश्वशक्तीची मोटार १४५ मिमी. टायरवर चाले, २०१३ मध्ये आलेल्या बीएमडब्ल्यू आय ३ या विजेच्या मोटारीची शक्ती १७० अश्वशक्ती असून तिच्या पुढच्या टायरची रुंदी अवघी १५५ मिमी. होती. चाकाचा व्यास मोठा ठेवून आणि चाकावरील जोराचे विद्युत् यंत्रणेद्वारे नियंत्रण करून तिच्या रचनाकारांनी रुंदी वाचविली व हवेचा रोधही कमी केला.

घाटमाथ्यावर आणखी एक विचार करावा लागतो. महाबळेश्वरास वर्षाकाठी पाच-सहा हजार मिमी. पाऊस पडतो. साचलेल्या पाण्यावरून वेगाने जाताना टायरखाली पाण्याचा थर अडकून चाक रस्त्यावरून उचलले जाते. १९६० नंतरच्या दशकात विमानांच्या टायरांवर झालेल्या प्रयोगांतून हा वेग टायरातील दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो असे दिसून आले, २.१ किग्रॅ./चौ. सेंमी. दाबास तो तासाला सु. ९० किमी. येतो. रुंद टायरला बाजूस सारावे लागणारे पाणी अधिक असल्याने झिजलेल्या नक्षीचा रुंद टायर याहून कमी वेगातही दगा देतो. हौसेखातर मूळ मापाहून रुंद टायर चढवून पावसाळ्यात पसरणी किंवा केळघर घाट गाठणारास सुकाणू जड झाल्याचे लगेच कळते. पकड घटल्याचे मात्र ऐन वेळीच कळते.

ट्रॅक्टर : शक्ती व टायरची रुंदी यांचे नाते सर्वांत प्रामाणिकपणे दिसते ते ट्रॅक्टरमध्ये. आरंभीच्या ट्रॅक्टरांना दातेरी लोखंडी चाके असत. अमेरिकेत १९३२ मध्ये अ‍ॅलिस-चामर्झ कंपनीने ट्रॅक्टरला हवेचे टायर बसविले आणि काही वर्षांतच लोखंडी चाके मागे पडली. आपल्याकडील सु. ३५ अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला मागे १२.४–२८, ४० च्या आसपास १३.६–२८ आणि ५० अश्वशक्तीला १४.९–२८ अशी मापे सामान्यतः आढळतात. यांतील पहिला आकडा रुंदीचे इंच दाखवितो. शक्तीबरोबर रुंदी वाढते हे येथे उघड आहे. परंतु तिचे कारण वजनातून येते.

४० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर, टायरात भरलेले पाणी व लोखंडी वजने धरून, १,८०० किग्रॅ. भार आहे असे मानू. शेतातील मातीत त्याच्या निम्मीच, म्हणजे ९०० किग्रॅ. ओढ मिळते. तासाला ४ किमी. चालीने नांगरताना ही केवळ १३ अश्वशक्ती झाली. उरलेली शक्ती जमिनीपर्यंत पोहोचविण्यास वेग वाढवावा लागतो किंवा वजन. नांगर फार वेगाने चालत नाही, म्हणून वजन वाढविणे प्राप्त होते. आणि वजन वाढले की जमीन दाबली जाऊ नये यासाठी टायर रुंद करून त्यातील दाब १ किग्रॅ./चौ. सेंमी.च्या आसपास ठेवावा लागतो. शक्तीसाठी ओढ, ओढीसाठी वजन आणि वजनासाठी रुंदी, अशी ही साखळी आहे. टायरात पाणी भरणारा शेतकरी याच साखळीची मधली कडी जुळवीत असतो.

डांबरी रस्त्यावर ट्रॅक्टर दोन ट्रॉल्यांतून आपल्या वजनाच्या कितीतरी पट ऊस ओढतो, कारण तेथे टायरच्या फिरण्यास भाराच्या दोन टक्क्यांइतकाच विरोध होतो : वीस टनांस ४०० किग्रॅ. ओलसर रानात हा विरोध दहा टक्क्यांवर जातो आणि त्याच वीस टनांस दोन हजार किग्रॅ. ओढ लागते. ती त्या ट्रॅक्टरच्या पकडीत नसते, मग एंजिन कितीही जोरदार असो. म्हणूनच फडात अडकलेली भरली ट्रॉली काढण्यास दुसरा ट्रॅक्टर पुढे जोडावा लागतो. खोल नांगरटीस तीन-चार जोड्या जुंपण्याचाच हा प्रकार आहे.

वाफसा येण्यापूर्वी ट्रॅक्टर रानात घातला तर काळी जमीन दबून घट्ट होते, मुळे खोल जात नाहीत व पाणी साचते. वरच्या थराचे दबणे टायरच्या दाबावर अवलंबून असल्याने रुंद टायरने ते कमी होते. खालच्या थराचे दबणे मात्र मुख्यतः आसावरील एकूण भारावर अवलंबून असते. टायर कितीही रुंद केला तरी आठ-दहा टनांचा आस अर्धा मीटर खोलीपर्यंत आपला परिणाम करतोच. नांगराच्या तासाखाली तयार होणारा हा कठीण थर सहज दिसत नाही आणि फोडण्यास पुन्हा अधिक शक्तीचा ट्रॅक्टर लागतो. कृष्णाकाठी पाण्याच्या अतिवापराने जमिनी क्षारपड झाल्याची चर्चा पुष्कळ होते. दबलेल्या जमिनीतून निचरा मंदावतो या बाबीकडे तितके लक्ष गेलेले नाही.

ऊसतोडणी मजुरांची उणीव भासू लागल्यापासून तोडणी यंत्रे या जिल्ह्यांत वाढली आहेत. दीडशेहून अधिक अश्वशक्तीचे हे यंत्र व त्याबरोबर शेतात चालणारी भरावाची ट्रॉली यांच्या टायरांस रुंदी हवी, कारण भार मोठा आहे. परंतु येथे रुंदीला दोन्ही बाजूंनी मर्यादा पडते. पारंपरिक तीन-साडेतीन फुटी सरीत असा टायर मावत नाही. तो वरंब्यावर चढून उसाची बुडखे चिरडतो आणि खोडव्याची उगवण विरळ होते. अरुंद टायर सरीत मावतो, पण रुततो. त्यामुळे यंत्राने तोडावयाच्या उसासाठी साडेचार ते पाच फुटी सरी सोडण्याची शिफारस केली जाते, आणि लागवडीच्या वेळीच शेतकऱ्यास चौदा-पंधरा महिन्यांनी त्या सरीतून जाणाऱ्या टायरचे माप विचारात घ्यावे लागते. लहान, तुकड्यातुकड्यांच्या शेतात एवढी रुंद सरी सोडणे अनेकांना परवडत नाही. अशा रानातील ऊस अद्याप कोयत्याने तोडला जातो व बांधापर्यंत डोक्यावरून आणून टायरगाडीत किंवा ट्रॉलीत भरला जातो.